पहिलाच पेपर शिकवायचाय, पण मुलांकडे पुस्तक नाही

प्रश्न : यंदा एम.ए. (समाजशास्त्र) झाले, सेटही (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) पास आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर बी.ए. भाग एकचा प्रास्ताविक पेपर मिळालाय. मुलं मराठी माध्यमाची, पुस्तक विकत घेणं बहुतेकांना परवडत नाही. मोफत साहित्याच्या लिंका ढीगभर जमवल्यात, पण सत्राचं नियोजन जमत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : अभिनंदन! आधी लिंका जमवणं थांबवा आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर घ्या, कारण परीक्षा त्यावरच होणार. एका क्रेडिटला (श्रेयांकाला) शिकवण्याचे 15 तास, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर असेल तर 60. त्यातून गणपती, युवा महोत्सव, अंतर्गत चाचण्या वजा करा. मी असतो तर 45 तासांचंच नियोजन केलं असतं.

मुलांच्या हातात एकच पुस्तक द्या. माझी पसंती बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या समाजशास्त्राला. मराठीत आहे, पीडीएफ मोफत मिळते. कॉलेजात अकरावीचं पुस्तक कसलं, म्हणून स्टाफरूममध्ये कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. तुमच्या तयारीसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ई-ज्ञानकोश हे ऑनलाइन भांडार, एनसीईआरटीची पुस्तकं आणि अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं समाजशास्त्राचं पाठ्यपुस्तक पुरेसं आहे. ओपनस्टॅक्सचा परवाना सैल आहे. श्रेय देऊन त्यातला भाग मराठीत आणता येतो, हवा तसा बदलून मुलांना वाटता येतो. एनसीईआरटी वाचायला मोफत असली तरी हक्क राखीव आहेत. तिची पानं जोडून स्वतःची पुस्तिका छापू नका, लिंक द्या.

ओपनस्टॅक्समधल्या संकल्पना घ्या, उदाहरणं मात्र सोडा. तिथली विषमता अमेरिकेतल्या वंशभेदाच्या अंगाने मांडलेली आहे, आणि तुमचा वर्ग राजर्षी शाहूंच्या जिल्ह्यात भरतो. 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या 50 टक्के जागा राखून ठेवल्या, हे मुलांना भाषणांतून पाठ असतं. मागास म्हणजे कोण, हे त्यात कसं ठरवलंय ते फारसं कुणी पाहिलेलं नसतं. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले ते मागास! यादी अशी उलट्या बाजूने का केली असेल, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहा. स्तरीकरणाचा, म्हणजे समाजातल्या उच्च-नीच थरांचा, तास मुलंच चालवतील. जोडीला डॉ. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध घ्या. तो मोफत मिळतो. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, हा त्याचा गाभा. मग रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती आणायला सांगा. त्यातल्या अटी मोजायच्या, बास.

रूढी आणि सामाजिक नियंत्रणासाठी शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आहेच. मे 2022 मध्ये या गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावाने रूढी बदलते का, यावर दोन बाजूंनी वाद घालू द्या. मुलांना विधवांच्या मुलाखती घ्यायला मात्र पाठवू नका. पहिल्या वर्षाच्या पोरांना संमती, गोपनीयता अजून शिकायच्या असतात, आणि त्यांच्या शिकण्याची किंमत गावातल्या बाईने का मोजावी? वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर काम भागतं.

समूह शिकवायला तालमी आणि पेठापेठांचं फुटबॉल, कामगार आणि स्थलांतर शिकवायला इचलकरंजीचे यंत्रमाग आणि ऊसतोडीच्या टोळ्या. ही उदाहरणं मुलं स्वतःच आणतील, तुम्ही मध्ये पडू नका. आकडेवारीसाठी 2011 च्या जनगणनेचे जिल्ह्याचे तक्ते मोफत आहेत. जुने झाले असले तरी तक्ता वाचायला शिकवायला चांगले आहेत.

सिद्धान्तवाले, म्हणजे कॉम्त, दुर्खीम, मार्क्स, वेबर, यांना सलग आठवडे देऊ नका. ज्या घटकात गरज पडेल तिथे एकेकाला आणा. परीक्षेच्या टिपा शेवटच्या आठवड्यात वेगळ्या द्या. त्यावर मुलं रुसत नाहीत.

सगळ्यांकडे नेट असेलच असं धरू नका. पीडीएफ एकदा कॉलेजच्या वाय-फायवर उतरवून घ्यायला लावा आणि ग्रंथालयात दोन छापील प्रती ठेवा. सगळं नियोजन एका पानावर मांडून विभागप्रमुखांना तास सुरू होण्याआधी दाखवा. तासिका तत्त्वावरच्या माणसाने सत्राच्या मधोमध काही बदललं, तर शंभर प्रश्न विचारले जातात.