साडी गार्ड काढू का? आणि गाडीच्या लूकचे अजून दोन प्रश्न

प्रश्न : सर, दोन महिन्यांपूर्वी 160 सीसीची गाडी घेतली. टाकी भरदार, मागची शेपूट वर उचललेली, लूक एक नंबर. पण डाव्या बाजूला ते साडी गार्डचं लोखंड बसवून दिलंय त्यानं सगळी मजाच जाते. मित्र म्हणतात काढून टाक, फॉरेनच्या गाड्यांना कुठं असतं. आई दर गुरुवारी माझ्या मागं बसून अक्कलकोटला येते म्हणून विचारतोय. काढू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नको काढूस मित्रा. उत्तर तूच लिहिलंयस, आई दर गुरुवारी मागं बसते. फॉरेनच्या गाड्यांना नसतं कारण तिकडं मागं बसणारा माणूस दोन्हीकडं पाय टाकून, पँट घालून, हेल्मेट घालून बसतो आणि बऱ्याचदा मागं कोणी नसतंच. आपल्याकडं एकच गाडी, तिच्यावर सकाळी एमआयडीसीची ड्युटी, दुपारी चादरीचा गठ्ठा, संध्याकाळी बायको आणि पोरगं, आणि गुरुवारी आई. म्हणून तर आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, 1989 च्या, 123 वा नियमच आहे की मागं बसणाऱ्याला धरायला हँडल पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं पाहिजे.

आता हे डावीकडंच का ते एकदा गाडीजवळ उकिडवं बसून बघ. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, बायका एका बाजूला बसतात तेव्हा पाय डावीकडं, म्हणजे कडेच्या बाजूला सोडतात. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडं, म्हणजे पोटरी भाजत नाही, पण चेन असते डावीकडंच. म्हणजे साडीच्या निऱ्या, चेन आणि फिरतं चाक, तिन्ही एकाच बाजूला आले, मधे काय आहे तर तेवढंच ते लोखंड. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांना चेनवर पूर्ण पत्र्याचं कव्हर असायचं ते पण याच्यासाठी (धूळ लागत नाही हा अजून एक फायदा). नवीन स्पोर्टी गाड्यांत चेन उघडी, वर नुसती प्लास्टिकची पट्टी, त्यामुळं गार्डची गरज उलट वाढलीय.

मी स्वतः कॉलेजला असताना हेच केलं होतं, गार्ड काढून माळ्यावर टाकलं. होटगी रोडला बहिणीच्या ओढणीचं टोक चाकात गेलं, स्पीड वीसच्या आत होता म्हणून वाचलो. ओढणी स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावर, इतकी घट्ट गुंडाळली होती की ब्लेडनं कापून काढावी लागली, ग्रीसमध्ये काळी झालेली, आणि बहिणीच्या गळ्यावर दोरी ओढल्यासारखा लाल वळ. तो वळ मला आजपण डोळ्यासमोर दिसतो. त्याच दिवशी गार्ड परत बसवलं.

लूकच पाहिजे असेल तर गार्डला मॅट ब्लॅक पावडर कोटिंग करून घे, क्रोमपेक्षा खूप कमी उठून दिसतं. फक्त खालची पाय ठेवायची पट्टी कापायची नाही, आई सगळा भार त्याच्यावर देऊन बसते.

आणि शेपूट वर उचललेली म्हणतोस ना, ती स्टाईल पण मागच्या माणसाला त्रासच देते. सीट उंच, निमुळतं, ब्रेक मारला की आई तुझ्या पाठीवर घसरणार. 2001 ला पल्सर आली तेव्हापासून भरदार टाकीचं वेड आपल्याकडं खरं वाढलं, आणि मला पण ती टाकी आवडते, पण सीट तेव्हा सलग आणि लांब होतं हे विसरू नये. नंतर दोन तुकड्यांचं सीट आलं आणि घरातली माणसं मागं बसायला कुरकुरायला लागली.

प्रश्न : नमस्कार. मुलाला ॲडव्हेंचर स्टाईलची उंच गाडी पाहिजे, मी म्हणतो साधी 100 सीसी घे. आमचं शेत रस्त्यापासून आत आहे, काळी जमीन. कोण बरोबर?
– एक शेतकरी वाचक, मंगळवेढा

उत्तर : काका, या वेळी मुलाच्या म्हणण्यात बराच दम आहे. काळ्या मातीत पाऊस पडला की चिखल टायरला चिकटतो, टायर आणि मडगार्डच्या मधे भरत जातो आणि शेवटी चाकच फिरायचं थांबतं, मग काडीनं कोरत बसावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर असतं ना, ते नुसतं दिसण्यासाठी नाही, चिखलाला जागा राहावी म्हणून आहे. पण नीट बघून घ्या, काही गाड्यांना चोच वर नुसती शोभेची आणि खाली टायरला चिकटून दुसरं मडगार्ड असतं, त्याचा शेतात उपयोग नाही. हिमालयन किंवा एक्सपल्ससारख्या ॲडव्हेंचर गाडीला पुढं 21 इंची स्पोकचं चाक आहे, खड्ड्यात कमी अडकतं, आणि खालची मोकळी जागा 220-230 मिमी. स्प्लेंडरला ती 165 च्या आसपास. नियमाप्रमाणं स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटरच पाहिजे, पण गावोगावचे कसे असतात ते तुम्ही रोज बघता.

तुमची बाजू पण सांगतो. स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास, चिखलात एकट्यानं ओढून काढता येते, ॲव्हरेज चांगलं, पंक्चरवाल्यापासून पार्टपर्यंत सगळं वाडीवर मिळतं. दुधाचे कॅन दोन्हीकडं लावायचे असतील तर उंच गाडीवर ते अवघडच. एक्सपल्सचं सीट 820 मिमीच्या वर, स्प्लेंडरचं 785, हा साडेतीन-चार सेंटीमीटरचा फरक ऐकायला काहीच नाही पण मागं माणूस बसवून उतारावर पाय टेकवताना जाणवतो. मुलाला शोरूमला न्या, मागं घरातलं कोणीतरी बसवा आणि दोन्ही पाय टेकतात का बघा. दूध घालायचं काम रोजचं असेल तर मी तुमच्या बाजूनं. नसेल तर मुलाला घेऊ द्या.

एक मात्र दोघांसाठी, ऊस सुरू झाला की रात्री हेडलाईट चांगला पाहिजे. बिनलाईटच्या ट्रॉल्या आणि रस्त्यात पडलेल्या मोळ्या ऐनवेळी दिसून काही उपयोग नाही.

प्रश्न : मॅट ब्लॅक रंग सोलापूरच्या उन्हात टिकतो का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : टिकतो, पण जपायला लागतो. मॅटवर ओरखडा पडला की पॉलिश मारून घालवता येत नाही, घासलं की तेवढाच भाग चकाकायला लागतो. मेच्या दुपारी काळी टाकी आणि काळं सीट एवढं तापतं की हात लावून बघावं लागतं. सीटवर सुती कव्हर घाला, गाडी कडुलिंबाखाली लावा, आणि धूळ कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी पाणी मारा.