पोरगं भाऊंच्या मागं फिरतंय

"मॅडम, पोरगं कामातून गेलंय. बारावीचं वर्ष, आणि हे भाऊंच्या मागं गाडीवर. याला राजकारणापासनं तोडा." पलूसकडच्या त्या आईनं खुर्चीत बसायच्या आतच सांगून टाकलं. निवडणुका आल्या की माझ्या सांगलीच्या समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार ठरलेली.

मुलगा सतरा वर्षांचा. भाऊंकडे काम काय, तर फ्लेक्स बांधायचे, घोषणा द्यायच्या. "भाऊ नावानं ओळखतात तुला?" उत्तराऐवजी त्यानं फोनवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. सगळ्यात खालच्या रांगेत, तिकिटाएवढा त्याचा चेहरा. मला झूम करून शोधावा लागला. घरी मार्कांपलीकडे कुणी काही विचारत नव्हतं. तिथं निदान फोटो तरी होता.

मी तोडायला नकार दिला. पुढच्या वेळी आजोबा सोबत आले. "आमच्या घरात नाही हो कुणी राजकारणात," असं सून म्हणताच ते हसले. त्यांचे वडील पत्री सरकारातल्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारातल्या, भूमिगतांना भाकरी पोचवायचे. त्याचे एक पुढारी, कुंडलचे जी. डी. बापू लाडही १९४३ मध्ये विशीतलेच होते. नातवानं हे घरात पहिल्यांदाच ऐकलं.

गावात काय खुपतं, विचारलं. क्लासच्या वाटेवरचे चार दिवे बंद. बहिणीला रोज आणायला जावं लागतं. मग अर्ज कर की! घोषणा तोंडपाठ असलेल्या या पोराला 'प्रति' खाली कुणाचं नाव घालायचं ते माहीत नव्हतं. लिहिला. दोन प्रती ने, एकीवर पोच घे, म्हटलं. कार्यालयानं अर्ज ठेवून घेतला, शिक्का दिलाच नाही. तो चिडून आला. (मला बरं वाटलं. चिडायला पहिल्यांदाच स्वतःचं कारण होतं.) दुसऱ्यांदा आजोबांना घेऊन गेला आणि आवक क्रमांकासकट शिक्का घेऊनच परतला.

सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो, तोही त्यानं भरला. नाव अठरा झाल्यावर यादीत येईल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आजोबांशेजारी नुसता बसून आला. "निम्मा वेळ भांडणंच," म्हणाला.

तीन दिवे लागलेत. भाऊंकडे अजून जातो, पण परवा चौथा दिवा कधी लागणार, हे त्यांनाच विचारून आला. मार्क मात्र आहेत तिथंच आहेत, हे आईनं मला आवर्जून फोन करून कळवलं.