खालची पानं आधी पिवळी, की शेंड्याची?

प्रश्न (मालवण तालुक्यातल्या एका ताईंचा): परड्यात विहिरीशेजारी टोमॅटोची दहा रोपं आहेत. फळं धरली आणि खालची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. शेजारी म्हणतात करपा आहे, औषध मारा. मी युरिया दिला, चुलीतली राखही रोज घालते. फरक नाही.

उत्तर: ताई, आधी राख थांबवा. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि सुरुवात जुन्या पानांपासून, म्हणजे मॅग्नेशियम कमी पडतंय. आपली जांभ्याची माती आम्ल. पावसाळ्याच्या धारांनी त्यातलं मॅग्नेशियम धुऊन जातं. फळं वाढायला लागली की झाड खालच्या पानांतलंच काढून वर पाठवतं. त्यात राखेतून पालाश (पोटॅश) भरपूर मिळतो, आणि पालाश जास्त झाला की मुळं मॅग्नेशियम कमी उचलतात. राख वाईट नव्हे, रोजची राख वाईट. युरियाचीही गरज नव्हती: त्यातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन), आणि नत्र कमी असतं तर शिरांसकट अख्खं पान फिकट झालं असतं.

मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, पानं खालूनही भिजू द्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळी झालेली पानं पूर्ववत होतीलच असं नाही. नवीन पिवळी पडायची थांबली की समजा, लागू पडलं.

करपा असता तर तपकिरी डाग दिसले असते, आणि त्यात कापलेल्या ओंडक्यावर असतात तशी एकात एक वर्तुळं. अशी पानं खुडून जाळायची, आळ्यात पेंढा पसरायचा आणि शिपताना पाणी बुडाशीच घालायचं. औषधाचा पंप त्यानंतर.

पानांच्या कडा करपल्या असतील तर विहिरीचं पाणी घोटभर तोंडात घेऊन बघा. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि तो क्षार कडांवर आधी दिसतो. शेंड्याची पानं बारीक होऊन वर वळली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ, म्हणजे विषाणूचा रोग. ते रोप उपटाच, औषधाने बरं होत नाही.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. पानं हिरवी असतानाच एखाद्या रोपाने मान टाकली, तर बुडाजवळचं खोड कापून तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा लटकवा. थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर. रोप मुळासकट काढून जाळा. त्या वाफ्यात निदान दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका.