निवृत्तीनंतरचे गाव : आधी काम, मग घर

प्रश्न : मी एका खासगी कारखान्यात लेखापाल होतो आणि यंदा साठाव्या वर्षी निवृत्त झालो. पत्नी शाळेत गणित शिकवत असे. निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्यामुळे आम्हा दोघांनाही रोज तीन-चार तासांचे काम हवे आहे. डोंबिवलीचा फ्लॅट विकून नाशिक, सातारा किंवा दापोली येथे स्थायिक होण्याचा विचार आहे. कोणते गाव निवडावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डोंबिवलीच्या लोकलची गर्दी सोसलेल्या माणसाला ही तिन्ही गावे मनापासून आवडतील, परंतु आपल्याला मिळकतीची गरज आहे, म्हणून गावाची निवड हवापाण्यावरून न करता, आपल्याला येत असलेल्या कामाला तेथे मागणी किती आहे यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोटीवर मी नाशिकला पहिली पसंती देईन. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींत लहान कारखाने पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना पूर्णवेळ लेखापालाचा पगार परवडत नाही, पण कराच्या तारखा चुकवूनही चालत नाही. टीडीएसचा भरणा ७ तारखेपर्यंत करावा लागतो, तर दरमहा जीएसटी विवरणपत्रे भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखा सांभाळाव्या लागतात. म्हणजे महिन्याचे पहिले वीस दिवस कामाचा रेटा असतो आणि मग उसंत मिळते. त्यामुळे ‘रोज चार तासांची नोकरी द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘या वीस दिवसांत तुमच्या बिलांच्या नोंदी आणि जुळवणी करून देतो’ असे सांगून दोन-तीन कारखान्यांचे काम धरावे. तेथे आपले वय आड येणार नाही. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडील पॅकहाउसमध्येही आवक आणि मजुरीचे हिशेब असतात, मात्र ती धावपळ आणि रोजचा प्रवास झेपेल का, हे आधी पाहावे.

साताऱ्यात औद्योगिक वसाहत आहे, पतसंस्थाही आहेत, पण तेथील कामे बरीचशी ओळखीतून मिळतात. जवळचे नातेवाईक असतील तरच तो विचार करावा. दापोलीत कृषी विद्यापीठ असले तरी खासगी रोजगार मुख्यतः पर्यटनावर चालतो आणि पावसाळ्यात तो मंदावतो. शिवाय गावात रेल्वे नाही, गाडीसाठी खेड गाठावे लागते.

पत्नींची शिकवणी कोठेही चालू शकेल, फक्त जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी शेजारपाजारी ओळख झालेली असावी.

डोंबिवलीचा फ्लॅट मात्र आत्ताच विकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो भाड्याने द्यावा आणि नाशिकमध्ये ११ महिन्यांच्या करारावर राहून पाहावे. महाराष्ट्रात अशा कराराची नोंदणी बंधनकारक आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला हाती येते. ते व्याज, निवृत्तिवेतन आणि फ्लॅटचे भाडे एकत्र मांडले की कामातून नेमके किती मिळवायचे आहे, ते कळेल.

घर शोधण्याआधी फेब्रुवारीत आठवडाभर नाशिकला जाऊन तेथील कर सल्लागारांना भेटावे, कारण मार्चअखेरीच्या कामासाठी त्यांना जादा माणसे लागतात.