स्टार्टअपमध्ये पैसे लावणं आणि चित्रपटात पैसे लावणं, दोन्हींत धोका सारखाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी 20 लाख आहेत, एकीकडे मित्राचं स्टार्टअप आहे, दुसरीकडे ओळखीतल्या निर्मात्याचा मराठी चित्रपट. दोन्ही जुगारच, मग फरक काय? मी अंधेरीत बरीच वर्षं निर्मात्यांचे हिशेब बघतो, अलीकडे काही स्टार्टअपचेही. फरक मोठा आहे. तो शोधायचा तर पैसे परत यायला लागल्यावर रांगेत तुमचा नंबर कितवा, हे आधी विचारा.

चित्रपटाचं आधी सांगतो, कारण गल्ल्याचे आकडे वाचून माणूस तिथे जास्त भुलतो. 236 रुपयांचं तिकीट धरा. 100 रुपयांच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36 रुपये सरकारचे. उरले 200. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं जोरात वाजलं होतं, दोनेक महिने मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला मिळालेच नाहीत. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या आठवड्यात वितरकाकडे 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, पुढे 30. त्या हिशेबाने पहिल्याच आठवड्यात 200 चे 100 झाले. त्यातून वितरकाचं कमिशन, मग पब्लिसिटीचा खर्च, मग व्याजाने पैसे दिलेला फायनान्सर, आणि सगळ्यांच्या मागे नफ्यातला भागीदार, म्हणजे तुम्ही. मराठी चित्रपट अनेकदा एकमेकांना सांगून सांगून, तिसऱ्या आठवड्यात जोर धरतो. नेमका तेव्हा वाटा घसरलेला असतो.

जुने फायनान्सर हे ओळखून होते. ते लॅब लेटर घ्यायचे: आमची बाकी फिटल्याशिवाय प्रिंट बाहेर पडणार नाही, असं फिल्मच्या प्रती काढणाऱ्या लॅबकडून लेखी. त्यांना चित्रपट आवडला की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं, रांगेत पहिला नंबर पक्का हवा होता. तुमच्या करारात तसं काय आहे?

स्टार्टअपमध्येही रांग असते, फक्त ती उशिरा दिसते. तुम्हाला शेअर मिळतात, पण पैसे उभारण्याच्या पुढच्या प्रत्येक फेरीत नवे शेअर निघून तुमचा टक्का पातळ होतो. मोठे फंड बहुतेक प्रेफरन्स शेअर घेतात. कंपनी पडेल भावात विकली गेली तर आधी त्यांचे पैसे सुटतात. आणि मधेच पैशांची गरज पडली तर खासगी कंपनीचे शेअर घ्यायला गिऱ्हाईक सहजी मिळत नाही. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने झोमॅटोत 2010 साली पहिल्यांदा साधारण 4.7 कोटी घातले, शेअर बाजारात नोंदणी झाली ती 2021 च्या जुलैत. शिवाय मधल्या फेऱ्यांत त्यांनी आणखी पैसे ओतले. तुमचे 20 लाख एकदाच जाणार आहेत, हा भाग लक्षात घ्या.

तरी स्टार्टअपच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. कंपनीला चूक दुरुस्त करता येते. ग्राहक आला नाही तर किंमत बदलते, माल बदलते, कधी अख्खा धंदा बदलते. चित्रपट शुक्रवारी लागला की संपलं. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी वाटाण्याचं रोप वाढताना चित्रित करून दाखवलं होतं, विमा पॉलिसीही गहाण टाकली होती. त्या रोपाने त्यांचं तंत्र सिद्ध केलं. 'राजा हरिश्चंद्र' लोक बघतील का, हे मात्र 1913 च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागल्यावरच कळलं. आजही त्यात बदल नाही.

उलट चित्रपटाची जमेची बाजू म्हणजे हक्क. थिएटरबरोबर ओटीटी, सॅटेलाइट (म्हणजे टीव्ही), संगीत, डबिंग, रिमेक. 2016 च्या 'सैराट'वरून पुढे कन्नड आणि हिंदी चित्रपट झाले. असं घडतं तेव्हा ज्या भागीदाराच्या करारात फक्त 'थिएटरचा नफा' लिहिलेला असतो, त्याला त्यातलं काही मागता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर मित्राच्या एकट्या कंपनीत 20 लाख मुळीच घातले नसते. चार-पाच लाख दिले असते, तेही बुडाले तर मैत्री टिकेल या हिशेबाने. स्टार्टअपमध्ये बऱ्याच कंपन्यांत थोडं थोडं घालणाऱ्यालाच संधी असते, एखादी लागली तर बाकीच्यांचं नुकसान भरून निघतं. चित्रपटाला पैसे देण्याआधी निर्मात्याकडे चार कागद मागा: वितरकाशी झालेला करार, तुमच्या आधी कोणाकोणाची देणी आहेत त्यांची यादी, चित्रपटाच्या नावाने उघडलेल्या वेगळ्या बँक खात्याचा तपशील, आणि सगळ्या हक्कांत तुमचा वाटा लिहिलेला मसुदा. नफ्याच्या आधी मुद्दल परत, हे वाक्य त्या मसुद्यात हवंच. ओटीटी किंवा सॅटेलाइटचा सौदा अजून झालेला नसेल तर तो होईपर्यंत थांबा. निर्माता घाई करत असेल, तर आधी देण्यांची यादी बघा.