चांदणीचा ब्लर कमी केला, तर वर्तुळ का बदलले?

प्रश्न : मी इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये वेक्टर चित्रे (ठिपक्यांऐवजी रेषा व आकृत्यांच्या वर्णनाने साठवलेली) काढून एसव्हीजी या फाइल स्वरूपात जतन करतो. एका चित्रात मोठ्या वर्तुळाला ब्लर (धूसरपणा) देऊन त्याच्या कडा मऊ केल्या आणि वर्तुळ कॉपी करून ‘पेस्ट स्टाइल’ने (फक्त शैली चिकटवण्याच्या आज्ञेने) तोच परिणाम एका लहान चांदणीला दिला. चांदणी जवळजवळ विरघळली आणि तिच्याभोवतीची धूसर कड चारही बाजूंनी सरळ रेषेत कापल्यासारखी दिसू लागली. म्हणून चांदणी निवडून फिल्टर एडिटरमध्ये ब्लर कमी केला, तर वर्तुळाचा ब्लरही कमी झाला. एका आडव्या रेषेला हाच परिणाम दिला असता ब्राउझरमध्ये ती रेषाच दिसेनाशी झाली. माझी फाइल बिघडली आहे का?

उत्तर : आपली फाइल ठीक आहे. एसव्हीजीमध्ये ब्लरसारखा परिणाम आकृतीच्या आत साठवलेला नसतो. फिल्टरची, म्हणजे अशा परिणामाची, व्याख्या फाइलमध्ये स्वतंत्रपणे, एखाद्या नावाने लिहिलेली असते आणि आकृतीच्या शैलीत फक्त त्या नावाचा उल्लेख असतो. ‘पेस्ट स्टाइल’ने चांदणीकडे गेला तो हा उल्लेख, व्याख्या एकच राहिली, आणि आपण चांदणी निवडलेली असली तरी फिल्टर एडिटरमध्ये बदललीत ती हीच सामाईक व्याख्या. आकृती ड्युप्लिकेट केली तरी दोन्ही प्रती एकाच फिल्टरकडे बोट दाखवतात. चित्रातल्या झाडाच्या शंभर पानांच्या कडा एकदम मऊ करायच्या असतील तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते, म्हणून मी तिला दोष म्हणणार नाही. मात्र व्याख्या सामाईक आहे हे पडद्यावर ठळकपणे दिसायला हवे, असे मला मनापासून वाटते.

इंकस्केपमध्ये चांदणी निवडून फिल्टर एडिटर उघडावा, यादीतल्या त्या फिल्टरची प्रत करावी आणि चांदणीसाठी त्या प्रतीसमोर खूण करावी. त्यानंतर केलेले बदल वर्तुळापर्यंत पोहोचणार नाहीत. प्रतीला लगेच ओळखू येईल असे नाव द्यावे, कारण यादीत आपोआप पडलेल्या नावांवरून कोणता फिल्टर कोणाचा हे काही दिवसांनी आपल्यालाच सांगता येत नाही.

कापलेल्या कडेचे कारण वेगळे आहे आणि ते आकड्यांनी चांगले समजते. ब्लरची तीव्रता साधारणपणे चित्राच्या एककांत मोजली जाते, पण फिल्टरला रंगवण्यासाठी मिळणारी चौकट आकृतीच्या आकाराच्या प्रमाणात ठरते : वेगळे काही सांगितले नसेल, तर प्रत्येक बाजूला आकृतीच्या 10 टक्के जादा जागा. आपले वर्तुळ 300 एकके रुंद आहे आणि ब्लरचे प्रमाण विचलन (ब्लरची तीव्रता सांगणारा आकडा) 10 आहे असे धरू. ब्लर प्रमाण विचलनाच्या सुमारे तिप्पट, म्हणजे 30 एकके पसरतो आणि वर्तुळाला मिळालेली जादा जागाही नेमकी 30 असल्याने सारे व्यवस्थित दिसते. चांदणी 60 एकके रुंद असेल, तर तिला बाजूला फक्त 6 एकके मिळतात. पसरणारा रंग चौकटीच्या काठावर छाटला जातो, आणि इतक्या लहान आकृतीवर 10 चा ब्लर फार जड होऊन तिची टोकेही नाहीशी होतात. प्रतीतील ब्लर आकाराच्याच प्रमाणात 2 पर्यंत उतरवला, तर चांदणी वर्तुळासारखीच मऊ दिसेल आणि 6 एककांची जागाही पुरेल. ब्लर 10 च ठेवायचा असेल, तर चौकट प्रत्येक बाजूला निम्म्या आकाराने वाढवावी लागेल, म्हणजे चौकटीच्या सुरुवातीच्या क्ष व य निर्देशकांना उणे 0.5 आणि रुंदी व उंचीला 2 (आकडे आकृतीच्या आकाराच्या पटीत). चांदणी आधी मोठ्या केलेल्या एखाद्या गटात असेल, तर हेही पाहावे की गट दुप्पट मोठा केला की तिचा ब्लरही दुप्पट होतो.

रेषेचे गणितही याच चौकटीत आहे. चौकट मोजताना रेषेची जाडी धरत नाहीत, त्यामुळे अगदी आडव्या रेषेची उंची शून्य भरते. दोन्ही बाजूंचे 10 टक्के धरून चौकट आकृतीच्या 120 टक्के होते, पण शून्याचे 120 टक्केही शून्यच, आणि शून्य उंचीच्या चौकटीत ब्राउझर काहीच रंगवत नाही. अगदी उभ्या रेषेचेही असेच होते. रेषेसाठी फिल्टरची वेगळी प्रत करून एक्सएमएल एडिटरमध्ये (फाइलचा मूळ मजकूर बदलण्याच्या खिडकीत) तिची चौकट प्रमाणाऐवजी चित्राच्या एककांत लिहावी. अशी चौकट निर्देशकांना बांधलेली असते, त्यामुळे पुढे रेषेचे निर्देशक बदलले तर चौकटीचे आकडेही बदलावे लागतात.