होस्ट दुरुस्त, मग व्हीएम ‘व्हल्नरेबल’ का दाखवतं?

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात इंटेलच्या हॅसवेल पिढीचा झिऑन सर्व्हर आहे, प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवर पाच व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) चालतात. होस्टचा, म्हणजे मूळ सर्व्हरचा, कर्नल आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा कोड) दोन्ही अद्ययावत केले. तरी लिनक्सच्या व्हीएममध्ये ‘एलएससीपीयू’ (प्रोसेसरची माहिती दाखवणारी आज्ञा) दिलं की एमडीएसच्या (प्रोसेसरच्या बफरमधून माहिती गळण्याच्या त्रुटीच्या) ओळीत येतं : ‘व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड, एसएमटी होस्ट स्टेट अननोन’ (एसएमटी म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं). काय राहिलं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी हीच ओळ होस्टवर बघा. तिथं ‘मिटिगेशन’ (उपाय लागू आहे) येत असेल तर मायक्रोकोड नीट बसलाय, फक्त व्हीएमला ते कळलेलं नाही. व्हीएमचा सीपीयू प्रकार बहुधा जुना ‘केव्हीएम64’ असेल. तो प्रोसेसरचे नवे फ्लॅग (क्षमता सांगणाऱ्या खुणा) व्हीएमपासून लपवतो. एमडीएसपुरतं बोलायचं तर व्हीएमचा कर्नल तरीही बफर पुसायची आज्ञा देतो आणि होस्टवर मायक्रोकोड असेल तर ती लागूही पडते. ‘अटेम्प्टेड’ म्हणतात ते यालाच. पण स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या आणखी एका त्रुटीच्या दुसऱ्या प्रकारासाठी लागणारा ‘स्पेक-सीटीआरएल’ आणि चौथ्यासाठीचा ‘एसएसबीडी’ दिसलेच नाहीत, तर व्हीएम ते वापरूच शकत नाही. खरी उणीव तिथं आहे.

प्रोसेसरच्या अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत (प्रॉक्समॉक्समधल्या त्या व्हीएमच्या सेटिंगमध्ये) ‘एमडी-क्लिअर’, ‘स्पेक-सीटीआरएल’, ‘एसएसबीडी’ आणि ‘पीसीआयडी’ हे चार फ्लॅग चालू करा. पीसीआयडी हे संरक्षण नव्हे. मेल्टडाउन या त्रुटीवरच्या उपायानं येणारा संथपणा त्यानं कमी होतो. सर्व्हर एकच असेल आणि व्हीएम दुसऱ्या यंत्रावर हलवायची नसेल, तर सरळ सीपीयूचा ‘होस्ट’ प्रकार निवडा. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा परवाना सीपीयूच्या ओळखीला बांधलेला असेल, तर आधी विक्रेत्याला विचारा.

बहुतेकांचं इथंच अडतं : व्हीएमच्या आतून रीस्टार्ट दिला तर व्हीएम चालवणारी जुनीच क्यूईएमयू प्रक्रिया चालू राहते आणि फ्लॅग येत नाहीत. व्हीएम पूर्ण शटडाउन करून पुन्हा स्टार्ट करा. मग ओळ ‘मिटिगेशन: क्लिअर सीपीयू बफर्स, एसएमटी होस्ट स्टेट अननोन’ अशी होईल. शेवटचा ‘अननोन’ राहणारच, त्याच्या मागं लागू नका.

आता होस्टवर एल1टीएफ या त्रुटीची ओळ वाचा. तिथं ‘एसएमटी व्हल्नरेबल’ असेल तर एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर दोन व्हीएम आल्या की एक दुसरीचा एल1 कॅशेतला (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतला) मजकूर वाचू शकते. व्हीएममध्ये शिरताना कॅशे पुसली जाते, पण शेजारचा थ्रेड त्याच वेळी चालूच असतो. परक्यांचा कोड चालवणारी एखादी व्हीएम असेल तर एसएमटी बंदच करा. थ्रेड निम्मे होतात, म्हणून व्हीएमना वाटलेले व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आधी मोजा.

प्रश्न : वेग वाढवायला ‘मिटिगेशन्स=ऑफ’ (असे सगळे उपाय बंद करणारा कर्नलचा पर्याय) लावलं तर चालेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : होस्टवर लावू नका. व्हीएममध्ये शिरतानाचं कॅशे पुसणंही त्यानं बंद होतं, म्हणजे सगळ्याच व्हीएममधली भिंत पडते. एखाद्याच व्हीएमच्या आत लावलं तर धोका मुख्यतः त्या व्हीएममधल्या प्रक्रियांना असतो. तिच्यात फक्त तुमचाच डेटाबेस असेल, ब्राउझर किंवा रिमोट लॉगिन नसेल, तर विचार करता येईल. पण आधी पीसीआयडी लावून महिनाअखेरचा एक रिपोर्ट घड्याळ लावून काढा. पुष्कळदा तेवढ्यानंच काम भागतं.

आणि मायक्रोकोडसाठी बायोस अपडेट करणार असाल, तर खानापूरकडच्या पावसाळ्यात यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय हात लावू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड उठत नाही. लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधून मायक्रोकोड घेतला की तो दर बूटला भरला जातो, बायोसला धक्का लागत नाही. आधी तोच मार्ग घ्या.